जठरातलं आम्ल कमी असल्याची शंका डॉक्टरांपुढे कशी मांडावी

तुम्ही लिहिलं आहे ते थोडक्यात असं. चार वर्षांपासून थोडं खाल्लं तरी पोट गच्च होतं, फुगतं, तासन्‌तास ढेकरा येत राहतात. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले, फरक पडला नाही. मध्येच हिमोग्लोबिन कमी निघालं, तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही आकडा जेमतेम हलला. वाचता वाचता तुमची खात्री होत गेली की आपल्या जठरात आम्ल कमी तयार होतं. तसं बोलून दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘असं काही नसतं’, आणि पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. हे त्यांना कसं पटवायचं आणि चाचणी कोणती मागायची, हा तुमचा प्रश्न.

पोटाच्या विकारांचं काम मी वीसहून अधिक वर्षं करते आहे. असं असतं, हे आधी सांगते. आम्ल कमी तयार होण्याला हायपोक्लोरहायड्रिया म्हणतात, अजिबात तयार न होण्याला ॲक्लोरहायड्रिया. ही नावं पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं आहेत. पण तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी दोनदा वाचलं, ते पोट फुगण्याचं नव्हतं. लोहाच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, हे ते वाक्य. तुम्ही ते ओघात लिहून गेलात. डॉक्टरांशी बोलताना सुरुवात तिथून करा.

असं का म्हणते ते सांगते. पोट फुगणं, लवकर भरल्यासारखं होणं, ढेकरा, जेवण तिथेच बसून राहिल्यासारखं वाटणं, या तक्रारींवरून आम्ल कमी आहे की जास्त की अगदी योग्य, हे मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. जठर सावकाश रिकामं होत असेल तर हेच होतं, जठराच्या नसा जास्त संवेदनशील झाल्या असतील तरी हेच, जंतुसंसर्ग असेल तरी हेच. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं आम्ल तपासलं तर ते ठीक निघतं. शिवाय आपण पोटातल्या कुठल्याही त्रासाला ‘ॲसिडिटी झाली’ म्हणतो. डॉक्टरांच्याही कानाला तीच सवय असते, आणि हात आपोआप त्याच गोळ्यांकडे जातो. तुम्ही ‘माझं आम्ल कमी आहे’ असा निष्कर्ष घेऊन गेलात की समोरचा माणूस त्या निष्कर्षाशी वाद घालत बसतो. लोह का भरत नाही, हे मात्र त्यांनाच शोधावं लागतं.

म्हणून आम्ल काय काय करतं ते नीट समजून घ्या, कारण ते कमी झाल्याच्या खुणा तिथेच सापडतात. वनस्पतींपासून मिळणारं लोह आणि गोळ्यांमधलं बरंचसं लोह विरघळून शोषलं जाण्याजोग्या रूपात यायला आम्ल लागतं. ब १२ हे जीवनसत्त्व अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला आम्ल आणि पेप्सिन, म्हणजे जठरातला प्रथिनं पचवणारा पदार्थ, लागतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या ज्या पेशी आम्ल सोडतात त्याच पेशी इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिनही सोडतात. त्याच्याशिवाय ब १२ लहान आतड्यात नीट शोषलं जात नाही. त्या पेशी मेल्या की दोन्ही जातं. बहुतेक रोगजंतूही आम्लातच मरतात, त्यामुळे आम्ल गेलेल्या माणसाला जुलाबाचे संसर्ग जास्त सहज होतात. थायरॉइडच्या गोळीसारखी काही औषधंही आम्लाशिवाय नीट शोषली जात नाहीत, डोस वाढवत न्यावा लागतो.

यात लोह आधी घसरतं आणि ब १२ मागाहून. कारण यकृतात ब १२चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो. म्हणून तरुण माणसात हा आजार नुसत्या लोहाच्या कमतरतेच्या वेषात वर्षानुवर्षं वावरतो आणि सगळे त्याला साधा ॲनिमिया समजतात. पुढे दोन्ही कमी झालं की आणखी एक फसगत होते. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात, ब १२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकत्र असलं की सरासरी आकार मधोमध, नॉर्मल दिसतो. रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे हा सरासरी आकार, ठीक आहे म्हणून कुणी पुढे बघत नाही. त्याच कागदावर आरडीडब्ल्यू नावाचा आकडा असतो, पेशींच्या आकारात किती तफावत आहे हे तो सांगतो. तो वाढलेला असेल तर त्यावर बोट ठेवा.

एका रुग्णाचं सांगते. शाळेत शिकवणाऱ्या बाई, वय चाळिशीच्या आतबाहेर. फुगलेली फाईल घेऊन आल्या. सहा वर्षांचे हिमोग्लोबिनचे आकडे होते, गोळ्या सुरू केल्या की थोडे चढायचे, बंद केल्या की पुन्हा खाली. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, अवघा ६. थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून १२५ वर गेली होती आणि तरीही आकडा जागेवर येत नव्हता. दोन एंडोस्कोपी झाल्या होत्या, दोन्हींवर ‘सौम्य सूज’ एवढाच शेरा. त्यातली दुसरी मीच केली होती. जठराच्या खालच्या तोंडाजवळचे दोन तुकडे घेतले होते, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का तेवढंच पाहण्यासाठी. जंतू नव्हता. मीही त्यांना काळजीचं काही नाही म्हणून घरी पाठवलं होतं.

तिसऱ्या वेळी मी जठरात हवा भरून वरचा आणि मधला भाग सावकाश पाहिला. तिथे एरवी चुण्यांसारख्या जाड घड्या असतात. त्या जवळजवळ सपाट झाल्या होत्या आणि पातळ झालेल्या अस्तराखालच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत होत्या. तळाशी साचलेला रस ओढून घेतला आणि पीएच कागदावर त्याचा थेंब टाकला. उपाशीपोटी जठररसाचा पीएच साधारण १ ते २ असतो; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. कागदाचा रंग ६ आणि ७ च्या मधे थांबला. मधल्या भागाचे तुकडे वेगळ्या बाटलीत आणि खालच्या भागाचे वेगळ्या बाटलीत पाठवले. उत्तर आलं: मधल्या भागात आम्ल तयार करणाऱ्या पेशी जवळपास नाहीत, खालचा भाग बराचसा शाबूत. अशी विभागणी ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच त्या पेशी नष्ट केल्याची खूण असते. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार आणि हा आजार बऱ्याचदा एकाच माणसात आढळतात. दुसऱ्या एंडोस्कोपीच्या वेळी हा आजार माझ्या हातून निसटला होता आणि त्या बाईंची दोन वर्षं त्यात गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर कारण न सापडलेल्या लोहकमतरतेत मी दोन वेगळ्या बाटल्यांशिवाय एंडोस्कोपी करत नाही.

आता चाचण्या. तुम्ही ‘आम्लाची चाचणी’ मागितलीत, आणि सरळ आम्ल मोजणारी चाचणी आहेसुद्धा. नाकातून जठरात नळी घालून रस काढायचा, मग पेन्टागॅस्ट्रिन हे औषध टोचून जठराला चेतवायचं आणि तासाभरात किती आम्ल निघतं ते मोजायचं. एके काळी हे नित्याचं काम होतं. आता ही सोय मोजक्या ठिकाणीच उरली आहे. गिळायची पीएच मोजणारी कॅप्सूलही असते, तीही सहजी उपलब्ध नसते. त्यामुळे ‘ती चाचणी आमच्याकडे होत नाही’ असं उत्तर मिळालं तर ते टाळाटाळीचं असेलच असं नाही. तिथे न अडता पुढचं मागा.

पुढचं म्हणजे रक्त. उपाशीपोटी गॅस्ट्रिन. जठराच्या खालच्या भागातल्या पेशी आम्लावर लक्ष ठेवून असतात. आम्ल कमी झालं की त्या गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडतात, म्हणजे आम्ल वाढवण्याचा निरोप पाठवतात. आम्लाच्या पेशीच उरल्या नसतील तर निरोप जातच राहतो आणि रक्तातलं गॅस्ट्रिन कित्येक पट चढतं. पण एकट्या गॅस्ट्रिनवर जाऊ नका. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही ते वाढतं. आणि क्वचित गॅस्ट्रिन तयार करणाऱ्या गाठीमुळेही वाढतं, त्यात मात्र आम्ल भरमसाठ असतं. म्हणून गॅस्ट्रिन वाढलेलं निघालं की जठररसाचा पीएच सोबत पाहावा लागतो. पीएच २ च्या खाली असेल तर विचार गाठीचा, ४ च्या वर असेल तर अस्तर झिजल्याचा किंवा गोळ्यांचा.

पेप्सिनोजेन १ आणि २ ही दुसरी रक्तचाचणी. पेप्सिनोजेन १ मुख्यतः जठराच्या मधल्या भागातून येतं. तो भाग झिजला की ते घटतं आणि १ भागिले २ हे गुणोत्तर साधारण ३ च्या खाली जातं. ज्यांना लगेच एंडोस्कोपी नको असते त्यांच्यासाठी ही चांगली पहिली पायरी आहे. त्यासोबत दोन प्रतिपिंडं: पॅरायटल सेल, म्हणजे आम्ल सोडणाऱ्या पेशींविरुद्धचं आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धचं. पहिलं ऑटोइम्यून आजारात बहुतेकदा सापडतं, पण आजार नसलेल्यांमध्येही कधी कधी दिसतं. दुसरं सापडलं तर निदान जवळपास पक्कं, मात्र आजार असूनही ते अनेकांत सापडत नाही. म्हणजे ते नाही निघालं म्हणून सुटलो असं समजायचं नाही.

ब १२ची पातळी इंजेक्शन घेण्याआधी तपासून घ्या. अशक्तपणा आहे म्हणून कुणीतरी इंजेक्शन देऊन टाकतं आणि मग महिनोन्‌महिने आकडा फसवा येतो. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत होणं, यातलं काही असेल आणि ब १२चा आकडा काठावर किंवा ठीक असेल, तर मिथाइलमॅलॉनिक ॲसिड, म्हणजे ब १२ कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ, तपासायला सांगा. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धची प्रतिपिंडं काही यंत्रांवर ब १२चा आकडा खोटाच चांगला दाखवतात. नसांच्या या खुणांमध्ये थांबून चालत नाही, उशीर झाला तर इजा कायमची राहू शकते. आणि फक्त फॉलिक ॲसिड घेत बसू नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, नसांची इजा मात्र चालूच राहते.

सगळ्यांत जास्त वजन बायॉप्सीला. एंडोस्कोपी ठरली तर करणाऱ्या डॉक्टरांना आधीच, शांतपणे सांगा: ‘लोह भरत नाही म्हणून तपासणी करतोय, तेव्हा जठराच्या मधल्या भागाचे आणि खालच्या भागाचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत घ्याल का?’ सिडनी पद्धत म्हणून पाच तुकड्यांची ठरलेली रीत आहे: खालच्या भागातून दोन, वळणावरून एक, मधल्या भागातून दोन. नाव घेतलंत तरी चालेल, त्यांना ते माहीत असतं. सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले तर कुठला भाग झिजला आहे हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही, आणि इथे सगळं त्यावरच अवलंबून आहे. त्याच वेळी लहान आतड्याच्या सुरुवातीचेही तुकडे घ्यायला सांगा, कारण ग्लूटेन न सोसणारा सीलिएक आजारही लोह असंच अडवतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘नॉर्मल’ लिहिलेल्या जठरातही बायॉप्सीत झीज निघते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

चाचणीच्या आधी गोळ्यांचं काय, हे विचारायचं लोक विसरतात. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या जातीच्या गोळ्या चालू असताना पीएच आणि गॅस्ट्रिन या दोन्हींचा अर्थ लागत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरीची श्वासाची आणि शौचाची चाचणीही खोटी नकारार्थी येऊ शकते. सर्वसाधारणपणे दोन आठवडे त्या गोळ्या बंद आणि जंतूच्या चाचणीआधी चार आठवडे अँटिबायोटिक बंद, असा नियम असतो. पण आपल्या मनाने थांबवू नका. पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांना, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना, अन्ननलिकेचं अस्तर बदललेल्यांना त्या गोळ्या संरक्षण म्हणून दिलेल्या असतात. शिवाय दोनतीन महिने घेऊन अचानक बंद केल्या की काही आठवडे आम्ल उलट उसळू शकतं. कधीच त्रास नसलेल्या निरोगी माणसांमध्येही हे दिसलं आहे. त्या जळजळीवरून ‘माझं आम्ल भरपूर आहे’ किंवा ‘गोळ्यांशिवाय जमतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

कारणं मी मुद्दाम उशिरा घेते आहे. आज आम्ल कमी असण्याचं एक अगदी नेहमीचं कारण याच गोळ्या आहेत. तुमचे दोन कोर्स होते, त्यांनी चार वर्षांचा हिशेब लागत नाही, पण वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांनी आधी गोळी खरंच हवी आहे का ते डॉक्टरांशी बोलावं. दुसरं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना ज्यासाठी २००५ मध्ये नोबेल मिळालं तो हा जंतू. तो जठराच्या खालच्या भागातच राहिला तर आम्ल वाढून अल्सर होऊ शकतो, मधल्या भागात पसरला तर वर्षानुवर्षांत आम्लाच्या पेशी झिजतात. म्हणजे एकाच जंतूने दोन माणसांत उलट परिणाम होतात. झीज फार झाली असेल तर जंतूच तिथे टिकत नाही आणि चाचणी नकारार्थी येते, तेव्हा जुना संसर्ग होता का ते रक्तातल्या प्रतिपिंडांवरून पाहता येतं. तिसरं ऑटोइम्यून, ते वर आलंच. जठराची शस्त्रक्रिया झालेली असेल तर ते उघड असतं. वय झालं की आम्ल आपोआप कमी होतं, असं सरसकट सांगितलं जातं, ते खरं नाही. अस्तर निरोगी असलेल्या वयस्कांचं आम्ल चांगलं टिकतं. म्हातारपणी आम्ल कमी निघालं तर कारण शोधावं.

घरी खाण्याचा सोडा पाण्यातून घेऊन किती मिनिटांत ढेकर येते ते पाहायची युक्ती तुम्ही करून पाहिली असेल. ढेकर गिळलेल्या हवेवर अवलंबून असते, जठर किती भरलं आहे यावर असते. त्यातून काहीच ठरत नाही, आणि डॉक्टरांपुढे ते पुरावा म्हणून मांडलंत तर बाकीचं खरं बोलणंही हलकं पडतं. बीटेन हायड्रोक्लोराइडच्या कॅप्सूल पोटात उष्णता जाणवेपर्यंत वाढवत नेणं, ही दुसरी युक्ती मात्र धोक्याची आहे. अल्सर असेल, वेदनाशामक किंवा स्टेरॉइड चालू असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्यांनी आम्ल थांबवलेल्या निरोगी स्वयंसेवकांमध्ये बीटेनने पीएच काही मिनिटांत खाली आला खरा, पण तो परिणाम तासाभरापलीकडे फारसा टिकला नाही. पचनासाठीचं औषध म्हणून ते सिद्ध झालेलं नाही, या कारणावरून अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९३ मध्ये त्या दाव्याची परवानगी नाकारली.

निदान झालं तर उपचार बहुतेकदा आम्लाचा नसतो, त्याच्या अभावाने जे गमावलं त्याचा असतो. लोह तोंडाने भरत नसेल तर शिरेतून. ब १२ इंजेक्शनने, किंवा रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी, कारण एवढ्या मोठ्या डोसमधला थोडा भाग इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषला जातो. कॅल्शियम लागत असेल तर सायट्रेट, किंवा कार्बोनेट जेवणासोबतच. जंतू असेल तर तो संपवायचा. झीज मोठ्या भागात पसरलेली असेल तर जठराच्या कर्करोगाचा आणि छोट्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींच्या) गाठींचा धोका वाढतो, म्हणून साधारण दर तीन वर्षांनी एंडोस्कोपी. निदान हवं ते मुख्यतः या शेवटच्या कारणासाठी.

एक गोष्ट मात्र आम्लाच्या नादात मागे पडू देऊ नका. लोह कमी होण्याचं कारण कुठेतरी होणारा रक्तस्रावही असू शकतं. पाळीत जास्त रक्त जातं का, शौच काळी होते का, मोठ्या आतड्याची तपासणी हवी का, हे डॉक्टर विचारतील ते टाळण्यासाठी विचारत नाहीत. वजन घटत असेल, घास अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा हा त्रास साठीनंतर प्रथमच सुरू झाला असेल, तर रक्तचाचण्यांची वाट न पाहता एंडोस्कोपी आधी.

तुमची एंडोस्कोपी झाली आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली असेल तर रिपोर्ट काढून पाहा, तुकडे घेतले होते का आणि कुठल्या भागातून. बायॉप्सीचे मेणातले ठोकळे प्रयोगशाळेत बरीच वर्षं जपून ठेवलेले असतात आणि पॅथॉलॉजिस्टला ते पुन्हा पाहायला देता येतात. मधल्या भागाचा तुकडा त्यात असेल तर कदाचित उत्तर तिथेच पडून असेल. नसेल, तर तो भाग अजून कुणी पाहिलेलाच नाही, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढंच सांगा.